रागीट आहे, पण चांगली आहे

सरोज, तुझ्या अंत्यविधीच्या उपासनेत पाळकसाहेब म्हणाले, "आपली ही भगिनी अत्यंत सौम्य आणि मितभाषी होती," आणि मागच्या बाकांवर एकदम खोकल्याची साथ आली. अर्ध्या चर्चला तू गणित शिकवलेलं. पन्नाशीला आलेली, टक्कल पडलेली, बीपीच्या गोळ्या खाणारी माणसं तोंडाला रुमाल लावून खोकत होती. तुझ्या यजमानांनी, विजयभाऊंनीही रुमाल काढला. मी त्यांच्या शेजारीच होते. लोकांना वाटलं, बिचारे रडताहेत. ते हसत होते. मग कधीतरी खरंच रडायला लागले, पण हसणं कुठे संपलं आणि रडणं कुठे सुरू झालं ते मला शेजारी बसूनही कळलं नाही.

तू पेटीत पांढऱ्या झग्यात, डाव्या खांद्यावरून डीकनचा तिरका पट्टा घेऊन पडली होतीस. तुझ्यासमोर कुणीतरी धडधडीत चुकीचं बोलत होतं आणि तू त्याला दुरुस्त करत नव्हतीस. तेव्हा मला पटलं, की तू गेलीस.

आपली ओळखसुद्धा दुरुस्तीतूनच झाली. मी नवी नवरी, अंबरनाथ पश्चिमेला त्या तीन मजली बिल्डिंगमध्ये नुकतं बिऱ्हाड मांडलेलं. दिलीप फॅक्टरीत गेले होते. मी दारात ठिपक्यांची रांगोळी काढत होते. समोरच्या दारातून तू खांद्याला पर्स अडकवून बाहेर आलीस, थांबलीस, वाकून बघितलंस आणि म्हणालीस, "चौथ्या ओळीत अंतर चुकलंय." आणि जिना उतरून शाळेत गेलीस. या बाईशी जन्मात बोलायचं नाही असं मी ठरवलं. संध्याकाळी तू बेल वाजवलीस, हातात लाकडी फूटपट्टी. म्हणालीस, "ही ठेवून घ्या, शाळेत माझ्याकडे भरपूर आहेत." तू ख्रिश्चन आहेस हे मला पुढे नाताळात तुझ्या खिडकीत चांदणी लागली तेव्हा कळलं. तोवर मी तुला नुसतीच आगाऊ समजत होते.

पुढे आम्ही बदलापूरला शिरगावात फ्लॅट घेतला, तुम्ही तिथेच राहिलात. अंतर वाढलं, तुझं बोलणं कमी झालं नाही. तू पर्यवेक्षिका होऊन रिटायर झालीस, त्याच वर्षी एका दुपारी घामाघूम होऊन माझ्याकडे आलीस, पंख्याखाली बसलीस आणि म्हणालीस, "नीला, मी डीकन होतेय."

मला वाटलं, काहीतरी आजाराचं नाव आहे. मी विचारलं, "ऑपरेशन करावं लागेल का?"

मग तू मला फळ्यावर शिकवावं तसं समजावलंस. तुमच्या चर्चमध्ये तीन पायऱ्या असतात. वर बिशप, त्याच्याखाली पाळक, आणि पहिली पायरी डीकनची. डीकन म्हणजे सेवक. आजाऱ्यांना भेटायचं, म्हाताऱ्याकोताऱ्यांची विचारपूस करायची, उपासनेत शास्त्रवाचन करायचं, वेदीवरची मांडामांड करायची. बिशप डोक्यावर हात ठेवून दीक्षा देतात. शनिवारी शाळा सुटल्यावर तू इतकी वर्षं जायचीस ती शिकवणी घ्यायला नव्हे, तर स्वतः धर्मशास्त्र शिकायला, हेही मला तेव्हाच कळलं.

"सेवक?" मी म्हटलं. "तू?"

"का? नाही होणार?"

"अगं, तू कुणाला पाणी दिलंस तरी त्याला उभं राहून प्यायला लावतेस."

तू रागावलीस. डब्यातला सगळा चिवडा संपवलास आणि जाताना म्हणालीस, "मीठ जास्त झालंय."

मला जे वाटलं तेच तुमच्या मंडळीलाही वाटलं होतं. तुमच्या चर्चच्या कमिटीचा सेक्रेटरी प्रदीप हा तुझाच विद्यार्थी. नववीत तू त्याला प्रमेय येईना म्हणून आठवडाभर स्टाफरूमच्या दारात बसवून शिकवलं होतंस, आणि त्याला ते अजून येतं, असं तो दुःखानं सांगतो. कमिटीच्या मीटिंगमध्ये तो उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडमबद्दल आदर आहेच. पण त्यांना डीकन केलं तर लोक भीतीनं चर्चला येतील." तू म्हणालीस, "येतील ना पण?" यावर कुणालाच काही सुचेना म्हणून तुझं नाव पुढे गेलं. तरी प्रदीपनं जाऊन बिशपांच्या कानावर घातलंच, की बाईंचं मन चांगलं आहे पण जिभेला हाड नाही. हे तुला तुमच्या पाळकसाहेबांकडून कळलं. त्यानंतरच्या रविवारी तू प्रदीपला चर्चच्या पायरीवर गाठून म्हणालीस, "तक्रार केलीस ती ठीक. पण जिभेला हाड कुणाच्याच नसतं. सायन्स कच्चंच राहिलं तुझं."

त्या वेळी आपण दोघी हसलो, पण तू घाबरली होतीस. हे मी कुणाला बोलले नाही. तू आमच्या गॅलरीत उभी राहून, शिरगावातल्या नव्या टॉवरकडे बघत, अगदी हळू म्हणालीस, "तो खरं बोलतोय गं. मला नाही येत हे. मला सांगता येतं, ऐकता येत नाही." मी म्हटलं, "मग दीक्षा कशाला घेतेस?" तू म्हणालीस, "येत नाही म्हणूनच."

तुझा दुसरा शत्रू होता तुझा उजवा गुडघा. दीक्षेच्या वेळी बिशपांपुढे गुडघे टेकायचे, बराच वेळ तसंच राहायचं आणि मग उठायचं. टेकायला तुला जमत होतं. उठायचं नाव काढलं की तू भिंतीला, टेबलाला, माणसाला जे मिळेल त्याला धरायचीस. पाळकसाहेब म्हणाले, खुर्ची ठेवू. तू म्हणालीस, "खुर्चीत बसून सेवक कसा होणार?" म्हणून आमच्या हॉलमध्ये रंगीत तालीम सुरू झाली. माझी योगाची चटई अंथरली, दिलीपना खुर्चीत बसवून बिशप केलं. आमचे हे रोज तासभर देवपूजा करणारे, फॅक्टरीत आयुष्य इन्स्पेक्शनमध्ये गेलेलं. टॉवेल खांद्यावर घेतला आणि तू दिलेला कागद माल तपासावा तशा आवाजात वाचायला लागले.

"वरिष्ठांच्या आज्ञा आनंदाने पाळाल काय?"

तू म्हणालीस, "पुढचा प्रश्न."

"असं नाही चालत, सरोजताई. क्लिअरन्स मिळाल्याशिवाय माल पुढे जात नाही."

"आज्ञा पाळीन. आनंदाचं माझं मी बघून घेईन."

"कागदावर आनंदाने लिहिलंय."

"मला दिसतंय काय लिहिलंय ते."

दर वेळी गाडी तिथेच अडायची. बाकीच्या सगळ्या प्रश्नांना तू खणखणीत उत्तर द्यायचीस. गरिबांना शोधून काढाल काय, काढीन. शास्त्राचा अभ्यास कराल काय, करीन. आज्ञा म्हटलं की तुझ्या कपाळावर ती उभी आठी यायची, जी बघून चार मुख्याध्यापकांनी बदली मागितली होती. गुडघ्याचं मात्र दिलीपनी मनावर घेतलं. तुझ्याभोवती फेरी मारून त्यांनी निदान केलं, की तू सगळा भार चुकीच्या पायावर घेतेस. "डावा पाय आधी पुढे. मग हात मांडीवर. मग बॉडी वर." तू त्यांचं ऐकलंस आणि पहिल्यांदाच कशालाही न धरता उभी राहिलीस. दिलीपना फॅक्टरीत बक्षीस मिळालं तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता.

आणि तो झगा. तुमच्या लोकांचा ठरलेला शिंपी मुंबईत होता, पण तुझं म्हणणं, उल्हासनगर असताना मुंबईला कशाला. आपण दोघी गेलो. कपड्यांच्या त्या गल्लीत एक सिंधी टेलर तुला कुणीतरी सुचवला होता. लग्नाच्या शेरवान्या आणि बँडवाल्यांचे ड्रेस शिवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. तू त्याला पेन्सिलनं काढलेलं चित्र दाखवलंस. त्यानं चष्मा वर करून बघितलं. सिंधीत ताईला अदी म्हणतात.

"अदी, ये तो शेरवानी है. लंबी वाली."

"शेरवानी नाही. चर्चचा झगा आहे. कॉलर बंद पाहिजे."

"हाँ हाँ, चायनीज कॉलर. दूल्हे का नाप?"

"माझं माप घ्या."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग तुझ्याकडे, मग टेप काढली. बिचाऱ्यानं पुढे एक शब्द विचारला नाही. ट्रायलला गेलो तर झगा सुरेख बेतला होता, पांढराशुभ्र, आणि त्याला गळ्यापासून पायापर्यंत सोनेरी बटणं. छातीवर बारीक जरीची वेल. तू आरशासमोर उभी राहिलीस तर वाटलं, आता घोडी आली की निघायचं. मी एका कापडाच्या गठ्ठ्यावर बसून पदर तोंडात कोंबला.

"हे काय आहे?" तू विचारलंस.

"खुशी का मौका है ना, अदी? वर्क का मैंने कुछ एक्स्ट्रा नहीं लगाया."

मी वाट बघत होते, की आता त्या माणसाचं काही खरं नाही. तू त्याला आठवी 'ब'च्या पोरासारखा उभा-आडवा घेणार. पण तू आरशात बघत राहिलीस. मग म्हणालीस, "फार छान झालंय, भाईसाब. पण मी सेवक होणार आहे. सेवकाला इतकं नको. एवढी वेल उसवाल का? आणि साधी बटणं लावाल?" इतक्या गोडीनं तू कुणाशी बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. तो म्हणाला, "जैसा आप बोलो." बाहेर आल्यावर मी विचारलं, "तुला बरं नाहीये का?" तू म्हणालीस, "प्रॅक्टिस करतेय. बोलू नकोस, सुटेल."

दीक्षाविधी त्या वर्षी तुमच्या अंबरनाथच्या चर्चमध्येच ठेवला होता. तुझ्याबरोबर दुसरे दोघं होते, दोघेही तुझी मुलं शोभतील अशा वयाचे. मी आणि दिलीप दुसऱ्या बाकावर. मला काळजी एकच, कधी उभं राहायचं आणि कधी बसायचं ते कळेना. तू म्हणाली होतीस, "पुढच्या बाकावरच्या शीलाकाकूंकडे बघ. त्या उठल्या की ऊठ, बसल्या की बस." मी तसंच करत होते. गाणं झालं, उठले. प्रार्थना झाली, बसले. सगळं सुरळीत.

मग तुम्हा तिघांना बिशपांपुढे उभं केलं. बिशपांनी मंडळीकडे तोंड करून विचारलं, की यांच्यापैकी कुणाला डीकन करू नये असं एखादं कारण कुणाला माहीत असेल, तर त्यानं आत्ताच पुढे येऊन सांगावं. सगळ्यांनी प्रदीपकडे बघितलं. प्रदीप जमिनीकडे बघत होता. आणि नेमक्या त्याच क्षणी शीलाकाकूंच्या नातीला बाथरूमला लागली. काकू उठल्या. मी उठले.

काकू नातीला घेऊन बाजूच्या दारानं निघून गेल्या. अख्ख्या चर्चमध्ये मी एकटी उभी. दिलीपनी माझा पदर ओढला, पण तोवर बिशपांनी चष्म्यावरून बघितलं होतं.

"बोला बाई."

तू मागे वळून बघितलंस. ती नजर मी विसरणार नाही. तिच्यात राग नव्हता, हेच भयंकर होतं. तुला खरंच वाटलं, की माझ्याकडे काहीतरी कारण आहे. आणि तुला हेही वाटलं, की ते बरोबर असणार.

मी म्हटलं, "काही नाही. ती रागीट आहे." प्रदीपनं मान वर केली. मी म्हटलं, "पण चांगली आहे." आणि मग, कुठून सुचलं देव जाणे, "माझी काही हरकत नाही."

बिशपांनी चष्मा नीट केला. मग म्हणाले, "आमच्याकडेही साधारण असाच रिपोर्ट आहे. बसा बाई." आणि त्या दगडी इमारतीत, त्या पवित्र वेळी, जे हसू फुटलं ते थांबायला वेळ लागला. प्रदीप सगळ्यात मोठ्यानं हसत होता. तू पुन्हा पुढे वळली होतीस, पण तुझे खांदे हलताना मला दिसत होते.

नंतर ते प्रश्न आले. त्या दोन तरुणांनी पटापट उत्तरं दिली. तुझी पाळी आली तशी दिलीप बाकाच्या कडेवर सरकले. आज्ञांचा प्रश्न आला. बिशप थांबले. विजयभाऊंनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता ही म्हणणार, पुढचा प्रश्न.

"पाळीन," तू म्हणालीस. आणि जरा थांबून, फक्त पहिल्या दोन बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात, "आनंदाने."

मला एकदम रडू आलं. तुझ्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आलं नव्हतं, तुझ्या निरोपसमारंभाला आलं नव्हतं. त्या एका शब्दाला आलं.

मग तू गुडघे टेकलेस, बिशपांनी डोक्यावर हात ठेवले, प्रार्थना झाली. उठायची वेळ आली तेव्हा ते दोघं तरुण टुणकन उठले आणि तू तशीच. शेजारी दिलीप ओठातल्या ओठात म्हणत होते, "लेफ्ट, लेफ्ट." तू डावा पाय पुढे घेतलास, अर्धी उठलीस आणि अडकलीस. तेवढ्यात बिशपांनीच हात पुढे केला. तू त्या हाताकडे बघितलंस. मला माहीत होतं तुझ्या मनात काय चाललंय. मग तू तो धरलास आणि उभी राहिलीस. घरी आल्यावर दिलीप हळहळत होते, की अजून एक आठवडा मिळाला असता तर हाताची गरज लागली नसती. तू म्हणालीस, "नाही हो, ते आलं होतं अभ्यासक्रमात."

त्या दिवशी जेवताना विजयभाऊंनी विचारलं, "डीकन म्हणजे सेवक असं बिशप म्हणाले. हे घरीपण लागू आहे का?" तू म्हणालीस, "घरी तुम्ही आहात ना." आणि मग तू उठून त्यांना भात वाढलास. ते इतके दचकले की ताट मागे ओढलं.

तुला नेमलं आमच्याच बाजूला, खरवईला. तिथे नव्या बिल्डिंगमध्ये तळमजल्याच्या एका गाळ्यात तुमची छोटी मंडळी जमायची. एका बाजूला दूध डेअरी, दुसरीकडे मोबाइल दुरुस्ती. पहिल्याच रविवारी गाण्याचा आवाज होतो म्हणून वरच्या सोसायटीचा चेअरमन भांडायला खाली आला. दारात उभा राहून ओरडला, "इथे इन्चार्ज कोण आहे?" तू पुढे झालीस. त्यानं हात मागे बांधले. म्हणाला, "मॅडम, मी… आठवी ब." तू म्हणालीस, "शर्ट खोच आणि आत ये." मला वाटतं तो अजून येतो.

पण तुला एक गोष्ट जड गेली आणि तीच मला फार आवडली. डीकनला उपासनेच्या शेवटी लोकांना आशीर्वाद देता येत नाही, तो पाळकाचा अधिकार. डीकननं म्हणायचं, देव आम्हाला आशीर्वाद देवो. तुम्हाला नाही, आम्हाला. तू सुरुवातीला सारखी चुकायचीस. इतकी वर्षं वर्गात तुझी वाक्यं "तुम्ही"नं सुरू व्हायची आणि "गाढवं"वर संपायची. चुकलीस की थांबायचीस, "सॉरी, आम्हाला," म्हणायचीस, आणि गाळ्यातली पोरंटोरं हसायची. नंतर चुकेनाशी झालीस. पाळकपदाची दीक्षा पुढच्या खेपेला देऊ असं बिशपांनी सांगितलं होतं. मी विचारलं, "मग तुला 'तुम्हाला' म्हणता येईल ना?" तू म्हणालीस, "घाई नाही. 'आम्हाला'च बरं वाटतंय." ती पुढची खेप आलीच नाही.

आता आपल्या भांडणाबद्दल. ते तू अर्धवट टाकून गेलीस, म्हणून बोलते.

मी तुला एकदा विचारलं होतं, तू अख्ख्या जगाला सुधारतेस, मग मला का नाही? इतक्या वर्षांत एकदाही तू मला म्हणाली नाहीस, की नीला, चर्चला ये, नीला, येशूचं ऐक. रिक्षात शेजारी बसलेल्या अनोळखी बाया मला पत्रकं देतात, आणि तू, माझी सगळ्यात जवळची, मला साधं विचारलं नाहीस. मी आले नसते. माझी चतुर्थी, माझा देव्हारा, मी जिथे आहे तिथे बरी आहे. पण विचारायचं तर होतंस. मी काय इतकी वाया गेलेली होते?

तू तेव्हा म्हणालीस, "तू भाजीवाल्याचं ऐकत नाहीस, येशूचं काय ऐकणार?" मी रागावले. मी म्हटलं, हे उत्तर नाही. तू म्हणालीस, विचार करून सांगते. मग तुझं पोट दुखायला लागलं, मग तपासण्या, मग उल्हासनगरचं हॉस्पिटल, आणि ते राहूनच गेलं.

हॉस्पिटलमध्ये तू नर्सचं मराठी सुधारलंस. डॉक्टरांनी "चार-पाच दिवस बघू" म्हटल्यावर "चार की पाच?" विचारलंस. शेवटच्या त्या दुपारी विजयभाऊ खाली चहा प्यायला गेले होते. तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "नीला, तुझ्या प्रश्नाचं उत्तर." मी खुर्ची पुढे ओढली. तेवढ्यात नर्स आली आणि तुझ्या तोंडाला ऑक्सिजनचा मास्क लावून गेली. तू थांबली नाहीस. मास्कच्या आत तू बराच वेळ बोललीस. मध्ये एक बोट वर केलंस, पहिला मुद्दा. मग दुसरं, दुसरा मुद्दा. मला एक शब्द कळला नाही. तुला थकवायला नको म्हणून मी मान डोलवत राहिले. शेवटी तू भुवया उंचावून विचारलंस, कळलं? वर्गात विचारायचीस तसंच. मी म्हटलं, कळलं. तू समाधानानं डोळे मिटलेस.

सरोज, मला काहीही कळलं नव्हतं. पण तुझ्या चेहऱ्यावरून उत्तर चांगलं होतं असं दिसत होतं.

तुझी पेटी कबरस्तानात नेताना एक खांदा प्रदीपचा होता. तो लहान पोरासारखा हुंदके देत होता. माती देऊन झाल्यावर गर्दीतून एक माणूस माझ्याकडे आला, साधा बुशशर्ट, कपाळाला टिळा. म्हणाला, मी खरवई गावातला. आमची आई अंथरुणाला आहे, डीकनबाई दर गुरुवारी तिच्याकडे यायच्या. आई विचारत राहते, तिला काय सांगू? मला हे नवीनच होतं. तुझ्या गुडघ्याचे एक्सरे मला तोंडपाठ, तुझ्या लोणच्याचं प्रमाण मला माहीत, आणि दर गुरुवारी तू कुठे जात होतीस ते मला माहीत नाही. कोण हे लोक? तुमच्या मंडळीतले नाहीत, ख्रिश्चन नाहीत. मला जरा रागच आला. मी म्हटलं, मी येऊन सांगते.

काल गुरुवार होता. मी गेले. टॉवर संपून जुनं गाव लागतं तिथे त्यांचं घर आहे, बाहेर भाताचं तूस पडलेलं. ती आजी खाटेवर बसली होती, इवलीशी, डोळे एकदम तल्लख. मी जवळ बसून सांगितलं, डीकनबाई वारल्या. तिनं डोळ्याला पदर लावला, पदर खाली घेतला आणि म्हणाली, "मना वाटलंच. ती खाडा करनारी नव्हती."

मी विचारलं, "त्या इथे येऊन काय करायच्या? प्रार्थना?"

"मनातल्या मनात करत असंल. मना काय ऐकू नाय आली. ती माझ्या पायाची नखं कापायची."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"सुनेला कामातनं येल नाय. मना वाकता येत नाय. वाढली की चादरीत अडकतात. ती यायची, पाय मांडीवर घ्यायची नि कापायची. नि माझ्या सुनेची बाजू घ्यायची. मी बोलायची, तू माझ्या घरी येतेस नि तिची बाजू घेतेस? तर बोलायची, आजी, चूक तुमची हाय."

खिडकीत नेलकटर होतं. तुझंच असणार, दोऱ्यानं खिळ्याला बांधून ठेवलेलं, हरवू नये म्हणून. मी ते घेतलं. आजीनं पाय पुढे केला. मी तो मांडीवर घेतला. शेतात गेलेलं पाऊल, टाचेला भेगा, नखं जाड आणि पिवळी. मी माझ्या सासूबाईंचीसुद्धा कधी कापली नव्हती. एकेक करत गेले. आजी तिच्या सुनेच्या तक्रारी सांगत होती. मी कुणाचीच बाजू घेतली नाही, तेवढी माझी अजून तयारी नाही.

दोन्ही पाय झाले. आजीनं पाऊल उचलून दारातल्या उजेडात धरलं आणि बराच वेळ बघितलं.

"वाकरं कापलंस," ती म्हणाली. "करंगळीचं तर र्‍हायलंच. पुढल्या गुरवारी चष्मा घेऊन ये."

मी म्हटलं, आणते.